दिवाळीनंतर रिकामे होणारे पाडे आणि संस्थेचे वर्ष

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात आदिवासी महिला आणि बालकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची कार्यकारी प्रमुख म्हणून मी काही वर्षे काम केले. अशा जबाबदारीकडे वळू पाहणाऱ्यांनी माझी पहिली मोठी चूक आधी समजून घ्यावी, कारण ती मी मनापासून काम करत असतानाच केली होती.

आमचा पोषण प्रकल्प निधी देणाऱ्यांच्या आर्थिक वर्षाप्रमाणे एप्रिलमध्ये मंजूर होई, पैसे भर पावसाळ्यात येत आणि कार्यकर्तींची नेमणूक व प्रशिक्षण होईपर्यंत दिवाळी उजाडे. नेमकी त्याच सुमारास वारली, कातकरी आणि ठाकूर कुटुंबे लेकराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जात. त्याला इकडे ‘जगायला जाणे’ म्हणतात, आणि या दोन शब्दांत किती भूक सामावलेली आहे हे मला फार उशिरा कळले. पहिल्या वर्षी जानेवारीतील नोंदींमध्ये तीव्र कुपोषित बालकांची संख्या घटलेली दिसली आणि तसा अहवाल मी समाधानाने पाठवला. पुढे आमच्या एका पाड्यावरच्या कार्यकर्तीने नोंदवही माझ्यासमोर उघडून एकेका नावावर बोट ठेवत सांगितले, “ताई, ही पोरं बरी झाली नाहीत, ती इथं नाहीतच.” पावसाच्या तोंडावर ती बालके परतली, तेव्हा त्यांतील काहींच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये ही तीव्र कुपोषणाची खूण मानली जाते. मी अहवाल दुरुस्त करून पुन्हा पाठवला. त्यावर नाराजी झाली, तरी आकडा मागे घेण्याची तयारी प्रमुखाने ठेवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्थलांतर दिवाळीनंतर दिसते, पण ठरते त्याआधीच. श्रावण-भाद्रपदात घरातील नाचणी-वरई संपत आलेली असते, आजारपण किंवा लग्नाचा खर्च डोक्यावर असतो आणि अशा वेळी भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायको दोघांनाही पुढच्या हंगामासाठी बांधून टाकते. हे उमगल्यावर आम्ही कामाचे वर्ष पेरणीपासून धरले. पावसाळ्याच्या महिन्यांसाठी निधी आधीच राखून ठेवला, बंद पडलेल्या शिधापत्रिका सुरू करून घेण्यावर भर दिला आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्याप्रमाणे मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळावे म्हणून महिलांचे अर्ज दिवाळीपूर्वीच भरून पोच घेण्याची सवय लावली. सगळी कुटुंबे थांबली नाहीत. मात्र काहींना उचल घ्यावी लागली नाही.

वेळ जुळवून घेण्याचा हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी अंगणात अंगणवाडी भरवली, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. नेतृत्व शिकू पाहणाऱ्याने कोणत्याही व्यवस्थापन अभ्यासक्रमाआधी हा प्रयोग समजून घ्यावा.

नोंदणी, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज हे सारे वेळच्या वेळी करावेच लागते आणि चांगला लेखापाल सोबत असेल तर ते जमते. कायद्यांचा अभ्यास मात्र स्वतः करावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदारांचा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा लागतो. ही तरतूद माहीत नसल्यामुळे पत्नीचे नाव राहून गेलेले दावे मी पाहिले आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ‘गावातच मिटवू’ असा दबाव आला तर ठाम राहण्याची जबाबदारी कार्यकर्तीची नसून प्रमुखाची असते.

आमच्या विश्वस्त मंडळात बराच काळ पाड्यावरची एकही स्त्री नव्हती. दोघी आल्या, तेव्हा बैठक शहरातून गावात आणि सकाळवरून संध्याकाळी, पाणी भरून झाल्यानंतर घ्यावी लागली, आणि चर्चा वारलीत होऊ लागल्यावर मला दुसऱ्या कोणाकडून अर्थ विचारून घ्यावा लागे. अशक्त बालकांची छायाचित्रे देणगीच्या पत्रकांवर छापायची नाहीत, हा ठराव त्यांनीच मांडला. अशा पदासाठी अर्ज करण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, पाड्यावर काढावे, असे मी सुचवीन. भाषा तेवढ्यात येत नाही, पण कोणत्या महिन्यात कोणाच्या घरी चूल उशिरा पेटते हे कळू लागते.

नोंदवही उघडून दाखवणाऱ्या त्या कार्यकर्तीकडे माझ्या शेवटच्या वर्षी कार्यक्रमाची सूत्रे गेली. दिवाळीआधी प्रत्येक बालकाचे वजन घेऊन, जगायला जाणाऱ्या कुटुंबाच्या भट्टीचे ठिकाण त्याच्या नावापुढे लिहिल्याशिवाय वर्षाचा अहवाल लिहायला घ्यायचा नाही, हा तिचा पहिला निर्णय होता.