लाटेकच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये पाथ कसे लिहावेत

मी लोकांचे प्रबंध आणि पुस्तकं लाटेकमध्ये (कमांड लिहून मजकूर छापण्याजोगा मांडणारी प्रणाली) लावून देते. 'ताई, माझ्या मशिनवर चालतं, तुमच्याकडेच फाइल सापडत नाही म्हणतंय' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कंपाइल कुठल्या फोल्डरमधून करता? (कंपाइल म्हणजे लिहिलेल्या फाइलींमधून पीडीएफ तयार करणं.)

इनपुट किंवा इन्क्लूड या दुसरी फाइल आत ओढणाऱ्या कमांडमधला पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, लाटेक त्या ओळीच्या फाइलपासून मोजत नाही, कंपाइल जिथून चालवलं तिथून मोजतं. प्रकरण३ या फोल्डरात प्रकरण.टेक आणि शेजारीच तक्ते.टेक असली, तरी प्रकरण.टेकमध्ये नुसतं 'तक्ते' लिहून भागत नाही. मेन.टेक ही मुख्य फाइल जिथे आहे तिथून कंपाइल करायचं आणि 'प्रकरण३/तक्ते' असं लिहायचं. सगळे पाथ तिथूनच. डी ड्राइव्हपासून सुरू होणारा पाथ दिसला की मी तो आधी उडवते. विंडोजवरही फॉरवर्ड स्लॅशच हवा. बॅकस्लॅश दिला तर लाटेकला ती कमांड वाटते.

तेच प्रकरण उद्या दुसऱ्या पुस्तकात उचलून न्यायचं असेल, तर इम्पोर्ट पॅकेज (लाटेकला जोडायची जादा सोय) घ्या. त्यातल्या सबइम्पोर्ट कमांडला फोल्डर एका महिरपी कंसात आणि फाइल दुसऱ्या कंसात द्यायची. मग आतले पाथ, चित्रांचेसुद्धा, त्या प्रकरणाच्या फोल्डरपासून मोजले जातात. फोल्डरच्या नावाच्या शेवटचा स्लॅश मात्र गाळू नका.

खरा घोळ चित्रांचा. चित्रांचे फोल्डर सांगणाऱ्या ग्राफिक्सपाथ कमांडमध्ये प्रत्येक फोल्डरला स्वतःचा कंस लागतो, फोल्डर एकच असलं तरी, आणि शेवटी स्लॅश. लाटेक त्याच क्रमाने शोधत जातं आणि पहिलं सापडेल ते उचलतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात दोन प्रकरणांत 'आलेख१' होता. पाचव्या प्रकरणात दुसऱ्यातला आलेख बसला होता. एरर नाही, वॉर्निंग नाही! त्यामुळे चित्राच्या नावातच प्रकरणाचा आकडा घाला. शंका आलीच तर रेकॉर्डर ऑप्शन लावून कंपाइल करा. त्याने तयार होणाऱ्या एफएलएस फाइलमध्ये नेमकी कुठली फाइल वाचली गेली ते दिसतं.

नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, स्पेस न देता. विंडोज कॅपिटल-स्मॉलकडे काणाडोळा करतं, लिनक्स करत नाही, आणि ओव्हरलीफ ही ऑनलाइन लाटेक सेवा लिनक्सवर चालते.

आउटपुट वेगळ्या फोल्डरात काढत असाल, तर इन्क्लूड प्रत्येक प्रकरणाची ऑक्स फाइल (संदर्भ-क्रमांकांची मधली नोंद) तिथल्या त्याच नावाच्या उपफोल्डरात लिहायला जातं. ते उपफोल्डर आधी हाताने करून ठेवा.

मराठी पुस्तकाचा फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवलात तर फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडणाऱ्या पॅकेजच्या पाथ ऑप्शनमध्ये त्याचं फोल्डर द्या, तेही मेन.टेकपासूनच. आपल्या स्वतःच्या स्टाइल फाइली (मांडणीच्या नियमांच्या) सगळ्या प्रोजेक्टना लागतात, त्यांच्यासाठी टेकइनपुट्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (फाइली कुठे शोधायच्या हे लाटेकला सांगणारी कॉम्प्युटरमधली नोंद). फोल्डरच्या नावाच्या शेवटी दोन स्लॅश दिले की आतले उपफोल्डरही धुंडाळले जातात. शेवटी लिनक्सवर कोलन, विंडोजवर सेमीकोलन द्या; नाहीतर लाटेकला स्वतःचीच पॅकेजं सापडेनाशी होतात.