कट कुठे मारायचा? दोन मिनिटांचा प्रसंग एडिट करताना

शूटिंग उरकलं, पाऊण तासाचं फुटेज हाताशी आहे आणि त्यातून दोन मिनिटांचा प्रसंग उभा करायचाय. इथे बरेच जण सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं याच विचारात अडकतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, फोनवर करायचं तर काइनमास्टरही चालतं. डोकं लावायचं ते कट कुठे मारायचा, म्हणजे एक शॉट कुठे संपवून दुसरा लावायचा, यासाठी. ते ठरवताना प्रत्येक वेळी प्रेक्षकाचा विचार करा: या क्षणी त्याला काय ठाऊक आहे, पुढे काय बघायची ओढ लागली आहे, आणि ते लगेच द्यायचं की थोडं ताणायचं?

उदाहरणाला साधा प्रसंग घेऊ. मुलगा नोकरीसाठी पहिल्यांदाच पुण्याला निघालाय, आई तालुक्याच्या एसटी स्टँडवर सोडायला आली आहे. आपल्याकडे शॉट आहेत ते असे: स्टँडचा लाँग शॉट, खिडकीतून पिशवी देणारी आई, मुलाचा क्लोजअप, आईचा क्लोजअप, घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर, फिरायला लागलेलं चाक आणि गाडी गेल्यावरचा रिकामा फलाट.

१. आधी नुसतं बघा

सगळं फुटेज एकदा सलग बघा. जिथे काहीतरी आत हललं तो टेक (एका शॉटचं एका वेळचं चित्रण) वहीत टिपून ठेवा. ही पहिली प्रतिक्रिया जपा, कारण तोच शॉट पुन्हा पुन्हा बघितल्यावर त्याचं काहीच वाटेनासं होतं. मग शॉट क्रमाने लावून रफ कट करा, प्रत्येक शॉट हवा त्यापेक्षा थोडा लांबच ठेवा. संगीत अजिबात लावू नका. संगीत ढिला कट झाकून टाकतं.

२. चेहऱ्याच्या शेजारी काय ठेवता ते ठरवा

१९२० च्या आसपास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एक प्रयोग केला. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप त्यांनी कधी सूपच्या वाडग्याला जोडला, तर कधी शवपेटीला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. चेहरा बदललाच नव्हता, भाव प्रेक्षकांनी स्वतः भरला होता.

आपल्या प्रसंगात हे करून बघा. आईचा क्लोजअप पिशवीच्या शॉटनंतर लावा, ती काळजी करतेय असं वाटेल. तोच क्लोजअप रिकाम्या फलाटानंतर लावा, ती एकटी पडलेली दिसेल. म्हणून आई रडतेय तो टेक निवडायची घाई करू नका. अशा ठिकाणी मला बहुतेक वेळा शांत चेहऱ्याचा टेकच भावतो, कारण त्यात प्रेक्षकाला जागा मिळते.

३. गती आकड्यांवर सोडू नका

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. सहा फ्रेम काढल्या तर पाव सेकंद गेला, आणि तेवढ्याने कट झोंबायला लागतो किंवा सरळ बसतो. पण शॉट छोटे केले की प्रसंग आपोआप वेगवान होतो हा समज सोडा. सगळेच शॉट एक-एक सेकंदाचे असले तर थोड्या वेळात तीही एकसुरी चाल होते. वेग जाणवतो तो फरकाने: दहा सेकंदांच्या शांत शॉटनंतर आलेले तीन छोटे शॉट धक्का देतात.

शॉट वाचायला डोळ्यांना किती वेळ लागतो तेही बघा. स्टँडच्या लाँग शॉटमध्ये माणसं, पाट्या, गाड्या, सगळंच आहे, त्याला वेळ द्या. क्लोजअप झटकन कळतो. वाचून व्हायच्या आत कापलंत तर प्रेक्षक अस्वस्थ होतो. वाचून झाल्यावरही थांबलात तर तो एक तर कंटाळतो, नाहीतर आणखी खोल बघू लागतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये सुट्टीआधी कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि तरी शॉट संपत नाही. त्या अंधारात बसल्या बसल्या आपण त्या व्यवस्थेचा विचार करायला लागतो. तिथे घाईने कट मारला असता तर तो फक्त प्रसंगाचा शेवट ठरला असता.

४. वेळ आकसा, ताणा, गाळा

खऱ्या स्टँडवर हा निरोप वीस मिनिटं चालेल. तिकीट, सामान वर ठेवणं, जागा मिळवणं, हे सगळं काढून टाका. पिशवी दिल्यावर थेट कंडक्टरवर गेलात तरी कोणी हिशोब मागणार नाही.

उलट घंटी ते गाडी हलणं हे दोन-तीन सेकंदांचं काम, तिथे वेळ वाढवा. घंटी, आईचा चेहरा, जेमतेम हललेलं चाक, गजावरून सुटणारा हात, पुन्हा चाक. हात सुटण्याचा शॉट घेतला नसेल तर पिशवीच्या शॉटच्या शेपटाला शोधा, अशा चिजा टेकच्या शेवटी सापडतात. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या चित्रपटात ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार असाच लांबवला होता.

आणि गाळणं, माझ्या मते यातलं सगळ्यात अवघड काम. ‘शोले’त गब्बर दोन्ही तलवारी उगारतो, त्या खाली येतात आणि कट. समोर आजचा ठाकूर, शाल उडते, बाह्या रिकाम्या. हात तुटताना आपण बघतच नाही, तरी तो घाव वर्षानुवर्षं लक्षात राहतो. संकलक एम. एस. शिंदे यांना याच चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि त्या सोहळ्यात ‘शोले’च्या वाट्याला आलेलं ते एकमेव पारितोषिक होतं. मला ते अगदी योग्य माणसाला गेलं असं वाटतं.

५. आवाज आणि चित्र एकाच जागी कापू नका

कंडक्टर दोरी ओढताना दाखवायच्या आधी, आईच्या चेहऱ्यावरच डबल बेल ऐकू येऊ द्या. तिची पापणी हलते, मग कंडक्टर दिसतो. याला ‘जे कट’ (J-cut) म्हणतात. पुढे इंजिनाची घरघर रिकाम्या फलाटावर हळूहळू विरू द्या, तो ‘एल कट’ (L-cut), चित्र बदललं तरी आधीचा आवाज चालू. घंटीचा आवाज चित्राआधी किती घ्यायचा? अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा आणि फ्रेम-फ्रेमने सरकवा. कट दिसेनासा झाला आणि आईकडे लक्ष खिळलं की थांबा.

६. तपासणी

आवाज बंद करून एकदा बघा, गोष्ट कळते का? पदराची घडी दोन शॉटमध्ये जुळत नाही म्हणून चांगला टेक फेकू नका. वॉल्टर मर्च हे मोठे संकलक कट निवडताना भावनेला ५१ टक्के वजन देतात, कंटिन्युइटी (शॉट-शॉटमधल्या गोष्टी जुळणं) त्यांच्या यादीत पार तळाशी आहे.

शेवटी गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा. “कसं वाटलं?” विचारलंत तर सगळे “छान” म्हणतील. त्यामुळे पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. मान वळली, हात फोनकडे गेला, की तो सेकंद लिहून ठेवा. मग त्या जागेच्या आधीच्या दोन शॉटपासून दुरुस्ती सुरू करा. गडबड बहुधा तिथेच झालेली असते.