मनाची जागल कशी करावी

घरी भरलेली प्रार्थनेची घरसभा संपते, चहा होतो, मंडळी पांगते आणि एखादा पोरगा चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतो. मग हळूच विचारतो, "काका, मनात नाही नाही ते विचार येतात. प्रार्थना करतो तरी येतात. माह्यं तारण झालंच नाही काय?"

तारण म्हणजे पापातून सुटका, तीच झाली नाही की काय अशी त्याला धास्ती. त्याला मी पहिलं हे सांगतो की विचार येणं म्हणजे पाप नव्हे. बायबलात मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानाने प्रभू येशूपुढेही तीन गोष्टी ठेवल्या. त्या प्रभूच्या कानावर पडल्याच ना? पडल्या, पण त्याने त्यांना बसायला पाट दिला नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तूर, हरभरा, कापूस राखायचा तर रात्री जागलीला जावं लागतं. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रोजचीच. डुक्कर धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत येणार, ते काही आपल्या हातात नाही. पण धुऱ्यावरच त्याची चाहूल लागली तर एक आरोळी पुरते. कळप तुरीत शिरल्यावर डबा वाजवा नाहीतर फटाके फोडा, पाडायचं ते पाडूनच तो जातो. याकोबाच्या पत्रात (1:14-15) हाच क्रम दिला आहे: वासना ओढते, भुलवते, मग गर्भ धरते आणि पापाला जन्म देते. म्हणून मेहनत करायची ती सुरुवातीला. शेवटी नुसतं रडणं उरतं.

आता सुरुवात ओळखायची कशी, ते एका विचारावरून दाखवतो. मुद्दामच लोभाचं उदाहरण घेतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'मनाची शुद्धता' म्हटलं की सगळे सरळ बाईच्या विषयावर येतात आणि पैशाचा मोह मागच्या बाकावर निवांत बसून राहतो.

डिसेंबर महिना धरा. खोलीत कापसाची गंजी लागली आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. पण सरकारी केंद्रावर ओलावा मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर 12 पर्यंत कपात, आणि त्याहून जास्त भरला तर गाडी परत. गावात येणारा खेडा खरेदीवाला मीटर लावत नाही, गंजीत हात घालून पाहतो. त्याची गाडी उद्या सकाळी येणार आहे आणि तुम्ही खाटेवर पडला आहात.

पहिला विचार येतो, उद्या माप आहे. यात काही वावगं नाही. दुसरा येतो, मागच्या खेपेला याने काटा मारला होता. हेही खरंच असतं. तिसरा येतो, रात्री गंजीवर फवारणीच्या पंपाने जरासं पाणी मारून वजन वाढवलं तर त्याचा-आपला हिशेब बरोबर होईल. चौथा, सगळेच मारतात. पाचवा, पोरीची फी भरायची आहे, देवाला काय समजत नाही?

पाचव्यावर पोहोचलेला माणूस पंप भरायलाच उठतो. त्याला अडवायचं कुठं? माझं मत आहे, दुसऱ्यावर. कारण दुसरा विचार न्यायाचे कपडे घालून येतो. मनातल्या मनात आपण कोणासमोर तरी आपली बाजू मांडायला लागलो, त्याचं खोटं आणि आपलं खरं असं घोळवायला लागलो, की तिथंच उठून बसायचं. ही खूण पक्की लक्षात ठेवा. रागात, हेव्यात, वासनेत, सगळीकडे ती सारखीच असते. चांगल्या कामासाठी मनाला एवढी वकिली करावी लागत नाही.

उठून बसल्यावर जो विचार आला तो पूर्ण वाक्यात, तोंडाने, देवाला सांगायचा. आणि आपल्या बोलीत सांगायचा: "देवा, मले कापसावर पाणी मारावंसं वाटून राहिलं." 'हे परमपवित्र स्वर्गीय पित्या, मज दुर्बळास ऐहिक लोभापासून राख' असं नको. उपासनेच्या भाषेत पाप फार सोवळं दिसतं, त्यात पंपही दिसत नाही आणि गंजीही. वऱ्हाडीत म्हटलं की ऐकतानाच लाज वाटते, आणि ती लाज कामाची आहे.

मग त्या विचाराला नेमकं वचन द्यायचं. इथं नीतिसूत्रे 11:1 बसतं, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. मग हाताला काम द्यायचं. व्यापाऱ्याने काटा मारला ही तक्रार खरी असेल तर सकाळी त्याला तोंडावर सांगा, "बापा, आधी धर्मकाट्यावर माप करू, मग गाडी भरू." खऱ्या तक्रारीला खरी वाट दिली नाही तर ती रात्री पुन्हा येते, आणि येताना पंप घेऊन येते.

वचनं पाठ करण्याबद्दल एक सांगून ठेवतो. यवतमाळला 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. तिथं शिकलेले एक म्हातारे पाळक साहेब आमच्याकडे घरसभा घेत. चौथ्या शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या साधूबद्दल त्यांनीच आम्हाला सांगितलं. या साधूने मनात येणाऱ्या वाईट विचारांचे आठ प्रकार पाडले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, दिखाऊ मोठेपणा आणि गर्व. प्रत्येकाला उत्तर म्हणून शास्त्रातली वचनं वेगवेगळी काढून ठेवली. तुम्हीही तेच करा. शंभर वचनं पाठ असून ऐन वेळी एकही आठवत नाही, कारण ती स्पर्धेसाठी पाठ केलेली असतात. आपल्याला नेहमी सतावणारे दोन-तीन विचार कोणते ते पाहा आणि त्यांच्यापुरती वचनं जिभेवर ठेवा. स्तोत्र 119:11 म्हणतं, "मी तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी आपल्या मनात तुझे वचन जपून ठेवले आहे." जपून ठेवलेली वस्तू अंधारातही हाताला लागली पाहिजे.

त्या आठांतल्या कंटाळ्याला आपण फार हलक्यात घेतो. एव्हाग्रियस त्याला भर दुपारचा भूत म्हणतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आपली जागा नकोशी होते, कोणीतरी यावं म्हणून माणूस सारखा दाराकडे बघतो. त्याने आमचा मे महिना पाहिला नव्हता, तरी वर्णन बरोबर जमलं आहे. पारा 45 वर, वखरणी झालेली, पेरणीला वेळ, बाहेर पडायची सोय नाही. पत्ते, मोबाईलवरची रमी, पारावरच्या चहाड्या, सगळं याच दुपारी सुरू होतं. यावर उपाय साधा आहे, दुपारचं काम आदल्या रात्री ठरवून ठेवा. दोर वळा, बियाणं निवडा, लेकराला बेरीज-वजाबाकी शिकवा, नाहीतर चक्क झोपा. दुपारी झोपण्यात पाप नाही.

रात्रीचं मात्र वेगळं. माचाणावर माणूस एकटा, हातात मोबाईल, आणि नेट आता वावरातही येतं. इथं दावीद राजाची गोष्ट वाचा, 2 शमुवेल 11. राजे लढाईला जायच्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फिरायला लागला आणि त्याला ती बाई दिसली. दिसली इथवर गोष्ट थांबली असती. त्याने माणूस पाठवून चौकशी केली, तिथं तो घसरला. मोबाईलवर एखादं चित्र आपोआप समोर येतं, ते दिसणं झालं. त्यावर बोट टेकवलं की चौकशी झाली.

म्हणून जागलीला जाणाऱ्या पोरांना मी उजेडाची बॅटरी (टॉर्च) वेगळी न्यायला सांगतो. 'उजेडासाठी मोबाईल लागतो' ही सबब तिथंच संपते. फोन न्यायचाच तर बटणांचा साधा न्या. जमलं तर दोघांनी मिळून जा. आणि रिकामं बसू नका, कारण मत्तय 12 मधलं ते झाडून-पुसून ठेवलेलं रिकामं घर आठवा, निघून गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन तिथं परत आला. मोठ्याने भजन म्हणा. त्याने डुकरंही पळतात. आमच्या मंडळीची चाल ऐकून तर नक्कीच.

आता हे कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, कारण इथं लोक फसतात.

अहाब राजाची गोष्ट (1 राजे 21) आमच्याकडे प्रत्येकाने वर्षातून एकदा वाचावी, विशेषतः ज्याचा धुऱ्यावरून वाद आहे त्याने. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. राजाला तो हवा होता कशासाठी? भाजीपाला लावायला! बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर पैसे देतो म्हणाला. नाबोथाने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला. राजा घरी आला, तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. इथवर त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. पण मन उघडं केलं ते राणी ईजबेलीपुढे. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाली.

आपल्या मनातली धग ज्याच्यापुढे ओतायची, तो माणूस ती विझवणारा पाहिजे. धुऱ्याच्या भांडणात "तुह्यंच बरोबर हाय, टाक केस" म्हणणारे गावात पुष्कळ मिळतात आणि त्यांचा चहाही आपल्यालाच पाजावा लागतो. बाप्याने बाप्याला, बाईने बाईला सांगावं. आपल्याहून वयाने किंवा विश्वासाने मोठं, ऐकून दुसऱ्या दिवशी विसरल्यासारखं वागणारं एकच माणूस धरावं. पाळकच पाहिजे असं नाही. नवऱ्याने बायकोला सांगावं का? पैशाचं, रागाचं, भीतीचं जरूर सांगावं. बाकी तुमचं तुम्ही ओळखा.

प्रार्थनासभेत मात्र सगळं मांडू नये. 'त्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं चाललं आहे' एवढं म्हटलं की आमेनच्या आधी गोष्ट टेकडीपलीकडच्या गावात पोहोचते. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मनातलं काहीच लिहू नये. "माझ्या मनात एक लढाई आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढं पुरे. देवाला पत्ता माहीत आहे.

एक विचार असा आहे की त्याला वरचं काहीच लावू नका. कर्ज डोक्यावर, पीक गेलेलं, आणि जीव द्यावासा वाटतो. तो मोह समजून एकट्याने झुंजायचा नाही आणि कोणी सांगितला तर त्याला 'विश्वास कमी पडला' म्हणून ऐकवायचं नाही. एलीया संदेष्ट्याने झाडाखाली बसून देवाकडे मरण मागितलं (1 राजे 19). देव त्याला रागावला नाही. दूताने त्याला भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. आपणही तोच क्रम ठेवावा. त्या माणसाला एकटं सोडू नका, जेवू घाला, रात्री कोणीतरी जवळ झोपा. फवारणीची औषधं त्याच रात्री घरातून हलवा, दुसऱ्याच्या कोठ्यात कुलपात ठेवा. आणि 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा सरकारी नंबर लावून द्या. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या.

शेवटी इच्छांबद्दल. "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर" (नीतिसूत्रे 4:23) हे वचन सांगताना काही उपदेशक असं बोलतात की जणू मनात काही हवंसं वाटूच नये. मला ते पटत नाही. विहिरीला पाणी लागावं, पोरीला नर्सिंगला जागा मिळावी, कूस उजवावी, यात वाईट काय आहे? हन्नाला मूल हवं होतं. सवत पनिन्ना तिला डिवचायची. हन्नाने मंदिरात जाऊन देवापुढे मन मोकळं केलं, नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे! ती उठली, जेवली, आणि मग तिचा चेहरा उदास राहिला नाही. अजून मूल झालेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. चांगल्या इच्छेलाही असं रोज देवाच्या हातात द्यावं लागतं. नाही दिलं तर हीच इच्छा शेजाऱ्याच्या विहिरीकडे बघायला लागते.

यासाठी एकांत लागतो आणि दोन खोल्यांच्या घरात तो मिळत नाही. प्रभूने खोलीत जाऊन दार लावायला सांगितलं, पण आपल्या खोलीत कापूस असतो आणि उरलेल्या जागेत पाहुणे. मग गोठा घ्या, मोटारपंपाची खोली घ्या, वावराची पायवाट घ्या. वेळ ठरवा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा. आमच्याकडे नियम आहे, मी गोठ्यात असलो की कोणी हाक मारायची नाही. म्हैस सुटली तर मात्र मारायची.