फ्लाइट लाइनवर जाण्याआधी: लष्करी विमानाच्या देखभालीची तयारी

विमान देखभालीच्या ट्रेडमध्ये निवड झाली आणि प्रशिक्षण सुरू व्हायला काही आठवडे हातात असले, की बहुतेक जण इंजिनांचे व्हिडिओ बघायला बसतात. माझा आग्रह आहे की आधी हवा शिकून घ्या. विमानावर पुढे जी कामं तुमच्या वाट्याला येतील, त्यातल्या कितीतरी कामांचं कारण हवेच्या वागण्यात असतं. आणि ज्याला कारण माहीत आहे, तो पहाटे तीन वाजता थकलेला असला तरी एकही पायरी गाळत नाही. म्हणून पुढची तयारी याच क्रमाने करा.

उडणाऱ्या विमानावर चार बलं काम करतात: वर उचलणारी लिफ्ट, खाली ओढणारं वजन, पुढे ढकलणारा थ्रस्ट आणि मागे खेचणारा ड्रॅग. एवढं पाठ असणं पुरेसं नाही, लिफ्ट नीट समजून घ्या. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो आणि खालच्या हवेबरोबर मागे पोचायचं म्हणून ती वेगाने धावते, असं पुष्कळ ठिकाणी शिकवलं जातं. ते डोक्यातून काढून टाका. दोन्हींनी एकाच वेळी पोचावं असं कुठलंच बंधन हवेवर नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर ढकलला जातो. त्या वळण्यातच वरच्या बाजूचा दाब उतरतो आणि खालच्या बाजूला तो तुलनेने जास्त राहतो. न्यूटनच्या भाषेत (क्रिया-प्रतिक्रिया) सांगा किंवा बर्नुलीच्या (वेग आणि दाब), घटना एकच आहे.

लिफ्टचं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि लिफ्टचा गुणांक (पंखाचा आकार आणि कोन यांवर ठरणारा आकडा) यांच्या गुणाकाराचा निम्मा. वेग दुप्पट झाला की लिफ्ट चौपट होते, हे त्यातून लगेच दिसतं. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. उष्णता वाढली किंवा धावपट्टी उंचावर असली की ही घनता घटते. मग पंख कमी उचलतो, इंजिनही कमी हवा ओढतं आणि उड्डाणाला लांब धाव लागते. कागदावर दोन-चार उदाहरणं सोडवून बघा, वाचण्यापेक्षा त्याने जास्त कळतं.

त्यानंतर अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणारी हवा आणि पंखाची जीवा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेषा) यांमधला कोन. नेहमीच्या पंखात हा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरचा प्रवाह पंखाला सोडतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे लिफ्ट एकदम घसरते. त्रिकोणी आकाराचे डेल्टा पंख याहून बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत तग धरतात. स्टॉल कोनामुळे होतो, त्यामुळे तो कुठल्याही वेगाला होऊ शकतो. उंची न सोडता ६० अंश कलून वळणाऱ्या विमानावर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, भार येतो. ४ जी भाराला स्टॉलचा वेग सरळ उड्डाणातल्या वेगाच्या दुप्पट होतो. लढाऊ विमान ९ जीपर्यंत जातं, तेव्हा १० टनांच्या विमानाचे पंख ९० टनांचा भार पेलत असतात. तपासणीत पंखाच्या मुळाशी असलेल्या जोडांवर वेळ का घालवायचा, ते या आकड्यावरून समजतं. खरखरीत कागदासारखा गोठलेल्या दहिवराचा पातळ थर पंखावर बसला तर लिफ्ट सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते, म्हणूनच लीडिंग एजवरची, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरची, लहान पोचसुद्धा मोजून नोंदवली जाते.

गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, थोडक्यात सांगतो. एखादं उपकरण दुरुस्तीसाठी काढलं की विमानाचा तोल बदलतो. त्या जागी बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, लागतो की नाही, ते मॅन्युअल सांगतं. तुमच्या अंदाजाला तिथे जागा नाही.

नियंत्रणपृष्ठं मात्र हाताने हवेत करून शिका. पंखांच्या टोकांजवळच्या एलेरॉनने रोल (बाजूला कलणं), शेपटीच्या आडव्या भागावरच्या एलेव्हेटरने पिच (नाक वर-खाली), उभ्या भागावरच्या रडरने यॉ (नाक डावी-उजवीकडे). स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर जातो आणि उजवा खाली. स्टिक मागे ओढली की एलेव्हेटरची मागची कड वर जाते. डावं पेडल दाबलं की रडर डावीकडे वळतो. हे इतकं पक्कं व्हायला हवं की झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर अडता कामा नये. कारण कंट्रोलच्या केबल किंवा रॉड काढून पुन्हा बसवल्यावर एक जण कॉकपिटमध्ये स्टिक हलवतो आणि दुसरा बाहेर पृष्ठाकडे बघत उभा राहतो. पृष्ठ हललं, एवढ्यावर त्याने ओके म्हणायचं नसतं. योग्य दिशेला हललं का आणि पूर्ण हललं का, हे त्याला सांगायचं असतं. उलट्या जोडलेल्या केबलमुळे विमानं पडलेली आहेत. म्हणूनच या कामानंतर दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्र तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. ती स्वतंत्र तपासणी उद्या तुम्हाला करायची आहे.

आता पिटो आणि स्टॅटिक. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं मी म्हणेन. पिटो नळीचं तोंड हवेकडे असतं, ती एकूण दाब घेते. स्टॅटिक छिद्रं विमानाच्या अंगाला असतात, ती भोवतालचा दाब घेतात. दोन्हींच्या फरकावरून वेग मिळतो आणि एकट्या स्टॅटिकवरून उंची. यातलं एखादं छिद्र बुजलं तर वैमानिकाला खोटे आकडे दिसतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरू या विमान कंपनीच्या ६०३ क्रमांकाच्या उड्डाणात हेच घडलं. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली, रात्री समुद्रावर वैमानिकांना ना खरी उंची कळली ना खरा वेग, आणि ७० जण गेले. विमान नागरी होतं, पण छिद्रं तशीच असतात.

लष्करी उदाहरण त्याहून बोलकं आहे. २३ फेब्रुवारी २००८ रोजी पॅसिफिकमधल्या गुआम बेटावरच्या अँडरसन तळावर अमेरिकेचं बी-२ बॉम्बर उड्डाण करतानाच कोसळलं. हवेचा दाब मोजणाऱ्या काही सेन्सरमध्ये ओल शिरली होती आणि त्या अवस्थेतच त्यांचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक जुळवून घेणं) झालं. संगणकाला खोटा वेग मिळाला, त्याने नाक जोरात वर उचललं आणि विमान स्टॉल झालं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे आसनासकट बाहेर फेकले जाऊन, वाचले. पिटो हीट (पिटो नळी तापवणारी यंत्रणा) चालू करून आधी ओल घालवायची, ही युक्ती काही तंत्रज्ञांना ठाऊक होती, पण ती अधिकृत कार्यपद्धतीत लिहिलेली नव्हती. एफ-१६नंतरची बरीच लढाऊ विमानं मुद्दाम अस्थिर ठेवलेली असतात आणि संगणक त्यांना क्षणोक्षणी सावरतो. त्या संगणकाचे डोळे म्हणजे हे सेन्सर. तेव्हा एखादी उपयोगी युक्ती कळली तर ती मनात ठेवू नका, लेखी सूचना करून वर पाठवा. त्याची सवय प्रशिक्षणातच लावून घ्या.

हातांची तयारी करायची तर लॉकवायरपासून, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून बांधतात त्या तारेपासून, करा. एका धातूच्या पट्टीवर डोक्याला भोक असलेले दोन बोल्ट बसवा आणि वायर दुहेरी पीळ घालून बांधा. बोल्ट सैल व्हायला लागला तर वायर ताणली जाऊन त्याला घट्ट होण्याच्या दिशेने ओढेल, अशी ती बसली पाहिजे. नवशिक्यांची वायर बहुधा उलट बाजूने जाते. दिसायला ती सुबक असते, उपयोग शून्य. पीळ सारखे हवेत, पक्कडीच्या खुणा वायरवर नकोत आणि शेवटचं टोक आत वळवलेलं असावं, नाहीतर ते पुढच्या माणसाचं बोट फाडतं. जमेपर्यंत वायर कापून पुन्हा बांधत राहा.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरलेल्या पिळानेच (टॉर्कने) बोल्ट आवळणाऱ्या पान्याबद्दल, चार गोष्टी आधीच वाचून जा. आट्यांना तेल लावलेलं असताना कोरड्या आट्यांसाठीचा टॉर्क दिला तर बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. रेंचच्या पुढे त्याच रेषेत जोड लावला तर सेटिंग बदलावं लागतं, त्याचं सूत्र आहे. क्लिक होणारा रेंच काम संपल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतात आणि कॅलिब्रेशनची मुदत उलटलेला रेंच हातात घेत नाहीत.

टूल मोजण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेली बरी. टूल टांगायच्या शॅडो बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती कोरलेली असते, त्यामुळे कोणता नाही ते एका नजरेत दिसतं. काम सुरू करताना मोजा, पॅनल बंद करण्याआधी मोजा, शिफ्ट सोडताना मोजा. एखादं टूल सापडलं नाही तर ते मिळेपर्यंत विमान उडत नाही. अशा वेळी ताबडतोब सांगणाऱ्याचा मान राखला जातो. इंजिनात बाहेरची वस्तू जाऊन होणाऱ्या नुकसानीला एफओडी म्हणतात. त्यासाठी फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवर, सगळे ओळीने चालत जमिनीवरचा खडा, स्क्रू, वायरचा तुकडा वेचतात. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान पडलं, त्यात आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या टायटॅनियमच्या पट्टीने टायर फाडला होता. खिशात सुटे पैसे, किल्ल्या, पेनाचं टोपण ठेवण्याची सवय आत्ताच सोडा. बोटातली अंगठी काढून ठेवा; शिडीवरून उतरताना ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

स्वतःच्या जिवाची तयारी म्हणजे विमान कुठे मारतं ते आधी माहीत असणं. कॉकपिटमध्ये शिरण्याआधी इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिन जागेवर आहेत का ते बघायचं, मग पाय आत. यात अपवाद नाही. पुष्कळ विमानांत हायड्रॉलिक दाब ३,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणजे सुमारे २०७ बार असतो. सुईएवढ्या गळतीतून निघालेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते, म्हणून गळती बोटाने चाचपत नाहीत; पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधतात. आत गेलेलं तेल वरून फक्त टोचल्याएवढं दिसतं, तरी लगेच शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ऑक्सिजनच्या जोडांजवळ तेल, ग्रीस, तेलकट चिंधी नको. इंधन भरण्याआधी बाँडिंग वायर (स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून लावायची तार) जोडलेली हवी. इंजिन चालू असताना पुढे आणि मागे किती अंतर धोक्याचं, याची आकृती प्रत्येक विमानाच्या मॅन्युअलमध्ये असते. तुम्हाला ज्या विमानावर नेमतील त्याची आकृती पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

धातू ओळखायला शिका. २०२४ आणि ७०७५ या क्रमांकांचे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू विमानांत वर्षानुवर्षं वापरात आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करू नका. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम यांत ओल आली की गंज धरतो. कार्बन फायबरचा भाग ॲल्युमिनियमला लागून असला तर मध्ये विलग करणारा थर देतात, त्याचंही कारण हेच. तपासणीसाठी टॉर्च, छोटा आरसा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग यांची सवय करा. टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरली की पोच, फुगवटा, उठलेली कड सावलीमुळे दिसते. समोरून उजेड मारला तर तेच सगळं सपाट वाटतं. सैल झालेल्या रिव्हेटच्या मागे काळसर ओघळ उमटतो. तो पुसण्याआधी नोंदवा. डाय पेनेट्रंट, एडी करंट, अल्ट्रासॉनिक या, भाग न तोडता तडे शोधणाऱ्या, चाचण्यांची नावं आणि कोणती कुठल्या तड्याला चालते एवढं आत्ता पुरे, बाकी प्रशिक्षणात शिकवतील.

कागदाचं काम कंटाळवाणं समजून शेवटी ठेवलं जातं, तसं करू नका. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे बॉम्बर चाचणीच्या वेळी पडलं. नियंत्रणपृष्ठं जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. वैमानिक अनुभवी होते, विमान धडधाकट होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी छापील चेकलिस्ट रूढ झाली. मॅन्युअल समोर उघडं ठेवून काम करा, तेच काम आधी अनेकदा केलेलं असलं तरी. मधूनच कोणी हाक मारली तर परत आल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करा. अर्धवट राहिलेलं काम तोंडी सांगून शिफ्ट सोडू नका. ब्रिटिश परंपरेतल्या हवाई दलांत ज्याला फॉर्म ७०० म्हणतात तशा विमानाच्या नोंदवहीत लिहा: कोणतं पॅनल उघडं आहे, कोणता बोल्ट फक्त हाताने लावलेला आहे. दुसऱ्याच्या कामावर न बघता सही करायला कोणी सांगितलं, मग तो कितीही वरिष्ठ असो, तर शांतपणे म्हणा, "सर, मी बघितलेलं नाही. बघतो आणि मग सही करतो."

राहिली शरीराची तयारी. रात्रपाळीचा सराव आधीपासून होत नसतो, पण झोपेचं वेळापत्रक सांभाळता येतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. कानांसाठी प्लग आणि त्यावर इअर मफ असं दोन्ही वापरायचं आहे, तेव्हा ते घालून हाताच्या खुणांवर काम कसं चालतं ते समजून घ्या. चॉक (चाकांना लावायचे अडसर) लावा, चॉक काढा, इंजिन बंद करा, आग लागली आहे: निदान एवढ्या खुणा रुजू होण्याआधी पाठ हव्यात, कारण चालू इंजिनाजवळ कोणीही तुम्हाला ओरडून सांगू शकणार नाही.