मुख्य दरवाजा मजबूत करायचाय? कुलूप राहू द्या, आधी चौकट बघा

घरफोडीच्या बातमीत "कडीकोयंडा उचकटून चोरटे आत शिरले" हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी दरवाजा मजबूत करायचा म्हटलं की लोक दुकानात जाऊन पहिलं काय घेतात तर महागातलं कुलूप. अहो पण ते सात लिव्हरचं कुलूप ज्या कोयंड्यात अडकवणार तो बसवलाय पाऊण इंची स्क्रूवर! कटावणी घातली की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा स्क्रूसकट निघून येतो. त्यामुळे पैसे कुलपात नंतर घाला.

दार आतून पोकळ असेल तर सरळ बदला, बाहेरच्या दाराला भरीव फ्लश डोअर हवं, निदान ३५ मिमीचं. पोकळ दाराला पत्रा मारून काही होत नाही.

मग अल्ड्रॉप, म्हणजे दाराला बाहेरून कुलूप लावायची सरकती कडी. त्याचे स्क्रू काढून टाका, आरपार भोकं पाडा आणि गोल डोक्याचे बोल्ट घाला, डोकं बाहेर, नट आत. आतून नटाखाली ३ मिमीची लोखंडी पट्टी हवीच, नुसता वॉशर लाकडात रुततो. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता खरं अवघड काम, चौकट भिंतीला पक्की करणं. मी स्वतः सगळ्यात जास्त इथेच झगडलेय, आणि बहुतेक कारागीर घाईही इथेच करतात. जुन्या बांधकामात चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी होल्डफास्ट, म्हणजे चौकट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, भिंतीत काँक्रीट भरून पुरलेल्या, त्या धड असतील तर निम्मं काम झालेलंच आहे. नव्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा चौकट मागाहून बसवतात आणि मधली फट फोमने नाहीतर वरवरच्या प्लास्टरने बुजवतात. हातोडीच्या दांड्याने चौकटीवर वरपासून खालपर्यंत ठोकत या, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा.

"लांब स्क्रू मारा, काम झालं" हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धवट आहे. पोकळ जागी स्क्रू आवळला की चौकट भिंतीकडे ओढली जाते, कमान धरते, आणि दार-चौकटीतली फट रुंदावते, म्हणजे लॉकचा बोल्ट समोर जेमतेम टेकतो आणि कटावणीला जागा आपणच करून दिलेली असते. वर कारागीर म्हणतो बीडिंग (लाकडाची बारीक पट्टी) मारून फट झाकतो. अजिबात मारू देऊ नका!

आधी चौकटीकडेचं प्लास्टर थोडं फोडून फट उघडी करा आणि जिथे स्क्रू येणार तिथे कडक लाकडाची पॅकिंग घट्ट ठोका, पॅकिंगशिवाय एकही स्क्रू नको. दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन जागा, त्यात कडीसमोरची आणि बिजागऱ्यांजवळची धरायचीच. चौकटीची जाडी अडीच इंच, वर फट, आणि विटेत निदान दोन इंच जायला हवं, म्हणजे पाच इंची फ्रेम फास्टनर (चौकट भिंतीला जखडायचा लांब स्क्रू) लागतो, तीन इंचीवर भागवू नका. लाकडातून जाताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, वीट लागली की चालू. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर हॅमर अजिबात नको, भोक मोठं होऊन फास्टनर नुसता गरगर फिरतो, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) घ्या. मध्येच बिट अडून लोखंड लागलं तर तो होल्डफास्ट, जोर करू नका, दोन इंच वरखाली सरका. शेवटचे आटे हातानेच आवळा, आणि प्रत्येक दोन-तीन आट्यांनी दार लावून फट बघा, वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. मगच उरलेली फट सिमेंटने भरा, फोमने नाही.

लॉकचा बोल्ट ज्या पट्टीत शिरतो ती बोटभर पट्टी फेकून फूटभर लांबीची जाड पट्टी लावा, लांब स्क्रूवर. प्रत्येक बिजागरीचा चौकटीत जाणारा एक तरी स्क्रू तीन इंची करा.

सेफ्टी डोअर बाहेर उघडतं म्हणजे बिजागरीची पिन बाहेर येते, फॅब्रिकेटरकडून तिला वेल्डिंगचा टाका मारून घ्या. त्याच्या बाहेरची कडी काढूनच टाका, चोर एक घर फोडताना शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, मग आरडाओरडा ऐकूनही कोणाला बाहेर येता येत नाही. आणि आतून दार किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे, रात्री आग लागली तर अंधारात किल्ली कोण शोधणार? घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी तपासा.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, नंतर आकसतं आणि बोल्ट सैल पडतात, तेव्हा दिवाळीला गावी निघायच्या आधी सगळे नट एकदा पान्याने आवळून घ्या.