ओबीएम घेताना या चुका टाळा: एचपी नंतर, वजन आधी

गेल्या उन्हाळ्यात निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा फोन आला. शेत बॅकवॉटरला लागून, पाण्यातली मोटार बघायला आणि थोडी हौस म्हणून त्यांनी १२ फुटी फायबरची होडी घेतलेली. "दादा, २५ एचपीचं ओबीएम (आउटबोर्ड मोटार, होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) लावलं. होडी मागून बसती अन् पुढून आभाळ बघती. दोन माणसं नाकावर बसवली तरी तेच. काय करू?"

मी विचारलं, होडीचं वजन किती? माहीत नाही. मागच्या फळीची उंची? मोजली नाही. मग २५ कशावरून ठरवलं? "१५ च्या भावात २५ मिळत होतं की!"

आपल्याकडे इंजिन म्हटलं की डोक्यात ट्रॅक्टर येतो. ३५ चा की ४५ चा, आणि जमलं तर मोठाच, कधी ना कधी कामाला येईल. ट्रॅक्टरखाली निदान जमीन असते. होडीच्या मागच्या फळीला ५० किलोच्या वरचं लोखंड टांगलं आणि शेजारी चालवणारा बसला, की ते सव्वाशे किलो नेमके तिथे पडतात जिथे होडीचा काठ पाण्यापासून वीतभर वर असतो. वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडला, तर मागून येणारी स्वतःचीच लाट त्या फळीवरून आत येते.

होडी उठणार की नाही, हे न ठरवताच एचपी ठरवणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. पाण्यावर होडी दोन तऱ्हांनी चालते. एक, पाणी कापत, पाण्यात बसून. दुसरी, वेग वाढला की पाण्यावर उठून घसरत. पहिल्या तऱ्हेत वेगाला मर्यादा असते आणि ती होडीच्या लांबीवर ठरते. पाण्यात बुडालेल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, आलेला आकडा ताशी सागरी मैलांत. १२ फुटी होडीला हे ताशी ८ किलोमीटरच्या आसपास पडतं. त्यापुढे इंजिनाने कितीही ढकललं तरी होडी आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. नाक वर, बूड खाली, मागे हे मोठं पाणी, आणि पेट्रोलचा काटा पडतोय. उठून घसरायचं असेल, तर इंजिनाला होडीचं सगळं वजन त्या चढावरून पार न्यावं लागतं.

म्हणून आधी वजन. माझा ढोबळ हिशेब असा: उठणारी होडी हवी असेल तर एका एचपीमागे २० ते २५ किलोपेक्षा जास्त ओझं नको. आता १२ फुटी होडीचं बघा. रिकामी होडी ११० किलो, १५ एचपीचं टू स्ट्रोक इंजिन ३७, भरलेली छोटी टाकी १२, नांगर, दोर, वल्ही, जॅकेटं, डबा मिळून २०. झाले १७९. दोन माणसं बसली की ३१९, तिघं बसली की ३८९. १५ एचपीवर भागा: दोघांना २१, तिघांना २६. म्हणजे दोघं असताना होडी उठेल, तिसरा बसला की रडेल. "परवा मस्त पळत होती, आज काय झालं" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा त्या तिसऱ्या माणसात असतं.

यात नाशिकची म्हणून एक काटछाट आहे, जी मुंबईचा विक्रेता सांगत नाही कारण त्याला ती लागत नाही. आपण समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंचीवर राहतो. दर ३०० मीटरला हवा विरळ झाल्यामुळे इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद जाते. गंगापूर धरणावर तुमचं १५ एचपी खरं तर १४ च्या जवळपास असतं. अलिबागला ज्या होडीवर ज्या इंजिनाने तिघं उठून गेले, तीच जोडी इथे आणली तर कदाचित उठणार नाही, आणि त्यात इंजिनाचा दोष नसेल.

आणि उठायचंच नसेल तर? गळ टाकायला, जाळ्यापर्यंत जायला, मत्स्यपालनाचे पिंजरे बघायला उठणारी होडी कशाला हवी? पाणी कापत जाणाऱ्या होडीला हजार किलोमागे ४-५ एचपी पुरतात. तीन माणसांच्या १२ फुटी होडीला तर २ एचपीही चालवेल, पण दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून आला की त्याचं काही चालत नाही. म्हणून ५ घ्यावं. सगळ्यात वाईट मधली अवस्था: उठायला अपुरं आणि बसून चालायला जास्त.

(चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवत तेरावा आला. नुसत्या दोन हातांवर. लांब, अरुंद आणि हलकी होडी किती कमी ताकदीत पळते हे बघायचं असेल तर त्या शर्यतींची चित्रफीत बघा.)

जास्तीत जास्त किती, हे न बघणं

चांगल्या कारखान्यातल्या होडीवर पाटी असते: किती माणसं, किती किलो, जास्तीत जास्त किती एचपी. आपल्याकडे ओळखीच्या फायबरवाल्याकडून करून घेतलेल्या होडीवर ती नसते. अशा वेळी मी अमेरिकी तटरक्षक दलाचा कोष्टक-नियम वापरतो. होडीची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. गुणाकार ३५ पर्यंत असेल तर ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. तळ सपाट आणि कडा काटकोनी असेल तर एक पायरी खाली यायचं. निफाडच्या होडीचा गुणाकार ४८ आला, तळ सपाट. म्हणजे कमाल १०. त्यावर २५ टांगलेलं!

हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. माणसांसाठीही असाच सोपा हिशेब आहे: लांबी गुणिले सर्वांत जास्त रुंदी, भागिले १५. १२ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होडीत तिघं. पाहुणे आले म्हणून पाच होत नाहीत.

शाफ्ट न मोजता कोकणातलं जुनं इंजिन आणणं

आपल्याकडची बरीच सेकंडहँड इंजिनं किनाऱ्यावरून येतात. तिथल्या होड्यांची मागची फळी उंच, त्यामुळे इंजिनं लाँग शाफ्ट, म्हणजे पाण्यात जाणारा पाय २० इंची. आपल्या धरणावरच्या छोट्या होडीची फळी बहुतेकदा १५ इंचाची. ५ इंच जास्त पाय पाण्यात गेला की होडीला ओढ बसते, शिंतोडे उडतात, आणि मे महिन्यात पाणी उतरल्यावर पंखा (प्रोपेलर) गाळात रुततो. उलट, शाफ्ट आखूड पडला तर पंखा वरून हवा ओढतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) एकदम चढतात, होडी जागेवर, आणि थंड करणारं पाणी मिळालं नाही तर इंजिन तापतं.

मोजायचं सोपं आहे. फळीवर जिथे क्लॅम्प बसतो तिथून मध्यावर सरळ खाली होडीच्या तळापर्यंत टेप धरा. इंजिन लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला हवी.

किनाऱ्यावरचं इंजिन घेताना आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजलेले नाहीत ना हे बघा. बादलीत पाय बुडवून चालू करा; मागे पाण्याची बारीक धार जोरात पडली पाहिजे. धार थेंबथेंब असेल तर थंड करणारं पाणी ओढणारा इम्पेलर गेलाय किंवा मार्ग बंद आहे. आपल्या गोदावरीत हीच धार पाणवेलीमुळे आणि प्लास्टिकच्या पिशवीमुळेही थांबते. चालवताना दर दोन मिनिटांनी मागे बघायची सवय लावा, ती बंद झाली की इंजिन बंद.

इंजिन बदलण्याआधी पंखा न बघणं

"इंजिन कमी पडतंय" म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं इंजिन बरोबर असतं, पंखा चुकलेला असतो. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर किती इंच पुढे जाईल. पिच म्हणजे गाडीचा गिअर. मोठा पिच हा टॉप गिअर, चढावर ओढत नाही.

तपासायचं असं. रोजचं ओझं, रोजची माणसं घ्या, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. छोट्या इंजिनाला मीटर नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर मिळतो. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची मर्यादा दिलेली असते, १५ एचपीच्या बऱ्याच फोर स्ट्रोक इंजिनांना ५,००० ते ६,०००. तुमचे ४,५०० वर अडकत असतील तर इंजिन दम खातंय. पिच कमी करा. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आपल्या उंचीमुळे इथे बहुतेकांना किनाऱ्यापेक्षा एक पायरी कमी पिच लागतो. पिच कमी करूनही आरपीएम चढले नाहीत तर एक प्लग मेलाय का ते बघा.

आरपीएम चढतात पण वेग येत नाही, आणि शाफ्टची उंची बरोबर आहे? मग पंख्यात वेल गुंतलाय किंवा आतला रबरी हब सटकलाय. नाक वर जातंय? इंजिनाचा कोन बदलायची पिन एक भोक आत घ्या. निफाडच्या होडीला मी आधी हेच केलं. थोडा फरक पडला, वजनाला इलाज नव्हता.

९.९ घ्यायचं ठरवून १५ नाकारणं, किंवा उलट

इथे एक गंमत आहे. अनेक कंपन्यांच्या ९.९ आणि १५ एचपीचा ब्लॉक एकच असतो, वजनही जवळपास तेवढंच. होडीची मर्यादा १५ असेल तर १५ घ्या, मर्यादा १० असेल तर ९.९, आणि नंतर कार्बुरेटर बदलून ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. फोर स्ट्रोक त्याच ताकदीला जड असतं. १५ चं टू स्ट्रोक ३७ किलो असेल तर फोर स्ट्रोक ५० च्या आसपास. पेट्रोल कमी पितं, आवाज कमी, पण मागच्या फळीवर ते १३ किलो कायमचे.

पेट्रोलचंही सांगून टाकतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि बहुतेक ओबीएमच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो, महिनाभर पडलेल्या टाकीत पाणी तळाला बसतं आणि रबरी नळ्या मऊ पडतात. माझा उपाय साधा: थोडं पेट्रोल भरा आणि संपवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. कार्बुरेटरचं इंजिन ठेवताना पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

बॅटरीच्या मोटारीचे पाउंड म्हणजे एचपी समजणं

५५ पाउंडाची इलेक्ट्रिक मोटार म्हणजे ५५ एचपी नव्हे; पाउंड हे तिच्या ढकलण्याच्या जोराचं माप. पूर्ण वेगात ती १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॅट, एका एचपीपेक्षा कमी. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्मीच वापरावी, मग पूर्ण वेगात मिळतो एक तास. तरीही गंगापूरसारख्या, शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या जलाशयावर शांतपणे गळ टाकणाऱ्याला मला हीच मोटार आवडते. नांदूरमधमेश्वरला मात्र कुठलंच इंजिन घेऊन जायचा विचार करू नका. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. इतर धरणांवरही पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आणि होडीची नोंदणी विचारून घ्या. इंजिन घेतल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

निफाडच्या भाऊंनी २५ विकलं, थोडं नुकसान सोसलं आणि ९.९ घेतलं. पंखा दोनदा बदलला. आता पूर्ण थ्रॉटलला ५,४०० आरपीएम येतात, दोघांना घेऊन होडी कशीबशी उठते, आणि तिसऱ्याला ते काठावरच थांबायला सांगतात.