इंडोहायसचं मॉडेल करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जातो, तेव्हा इंडोहायस या देवमाशांच्या नात्यातल्या, हरणासारख्या नामशेष प्राण्याच्या मॉडेलमध्ये दरवर्षी त्याच चुका दिसतात. या प्राण्यावर माझा जीव आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिली चूक शिंगांची. 'हरणासारखा' एवढं वाचलं की चितळाचा फोटो समोर ठेवून काम सुरू. एका शाळेत नववीच्या मुलांनी पंधरा दिवस खपून बकरीएवढा इंडोहायस केला होता. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर तारेची फाटेदार शिंगं. विचारलं तर उत्तर आलं, "सर, हरीण आहे ना!" इंडोहायस 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा, हरणांना शिंगं फुटली ती त्यानंतर अडीच कोटी वर्षं उलटून गेल्यावर. हे सांगितल्यावर एका मुलीने स्वतःच पक्कड घेतली आणि शिंगं उपटली. राहिलेली दोन भोकं आम्ही शाडूने बुजवली. आकाराचं मात्र काही करता आलं नाही, कारण खरा प्राणी जेमतेम मांजराएवढा. मी आधी वर्तमानपत्रातून मांजराएवढी आकृती कापतो, मगच माती मळतो. नमुना हवाच असेल तर आपल्या सह्याद्रीतलं बिनशिंगाचं पिसोरी (माउस डिअर) बघा.

दुसरी चूक मला जास्त खुपते: पाटीवर 'देवमाशाचा पूर्वज' लिहिणं. पाकिस्तानात सापडलेला पाकिसीटस हा आद्य देवमासा त्याच्याइतकाच जुना, किंबहुना थोडा आधीचा. म्हणजे इंडोहायस आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला. हे नातं चेहऱ्यावरून कळत नाही, कानाच्या हाडावरून कळतं. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले इंडोहायसच्या जीवाश्मांचे खडक त्यांच्या पत्नीने पुढे जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. ते साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाच्या हाडाची आतली जाड भिंत दिसली. अशी भिंत देवमाशांची खूण. 2007 साली हे प्रसिद्ध झालं. एवढी गोष्ट तीन ओळींत पाटीवर मावते. घाईने एक शब्द चिकटवू नका.

पायाचं हाड कापून दाखवणार असाल तर पोकळी अरुंद ठेवा. जाड, जड हाडांमुळे तो पाण्यात तळाशी चालू शकत असे. मी जाड भिंतीच्या बांबूचा तुकडा शेजारी ठेवतो, मुलांना लगेच कळतं.

पायांना वल्ही नकोत, खूर हवेत. तोंडात मासा देऊ नका. दाढा भरडायच्या आहेत. नावाचा अर्थ 'भारतातलं डुक्कर' असला तरी नाक डुकराचं करू नका. आणि जीवाश्म सापडल्याचं ठिकाण नुसतं 'हिमालय' न लिहिता कालाकोट, जिल्हा राजौरी, जम्मू-काश्मीर असं लिहा.